पहिला मासा बोटभर चालेल

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. दोघांनाही मासा पकडायचाय. दोनदा जेट्टीवर घेऊन गेलो, दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. माझाच रॉड-रीळ मुलीच्या हातात दिला, तर अर्ध्या तासात चार गुंते. मग मीच लांबवर गळ टाकून दिला आणि दोघांना वाट बघायला सांगितलं. वीस मिनिटांत मुलगा पाण्यात दगड फेकायला लागला, मुलगी कंटाळली. शिवाय मुलाला गांडुळांची भीती वाटते. पुढच्या सुट्टीत एका तलावावर जाणार आहोत, तिथे लाकडी जेट्टी आहे. काय न्यायचं, कसं शिकवायचं? आणि मासा मी लावून काठी मुलीच्या हातात दिली तर चालेल का?

उत्तर : तुमची मुलं कमी पडली नाहीत, बेत चुकला. लांबवर टाकलेला गळ, मोठं आमिष आणि लांबलचक प्रतीक्षा हा मोठ्या माशाचा बेत आहे आणि तो मोठ्यांनाच मानवतो. मुलांना मासा किती मोठा आहे याचं काही नसतं. तो कधी येतो, याचं असतं. बोटभर लांबीचा मासा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हातात आला तर सात वर्षांच्या मुलीला तो पुरेसा मोठा असतो. म्हणून सगळं सामान लहान माशाच्या मापाने घ्या. तो मासा बहुतेक वेळा जेट्टीच्या खांबांपाशी, पायाखालच असतो. ज्याच्यावरून तुम्ही गळ लांब फेकत होतात, तोच.

रीळ घरी ठेवा, तुमचंही आणि मुलांसाठी मिळतं ते खेळण्यासारखंही. त्या आखूड कांड्यांवर बहुधा जाड, ताठ दोरा असतो, बटण कधी सोडायचं हे मुलांना जमत नाही आणि सगळा वेळ रीळ शिकण्यात जातो. बिनरिळाची, एकात एक सरकणारी हलकी काठी घ्या. सात वर्षांच्या मुलीला तीन मीटरची पुरते, चार वर्षांच्या मुलाला दोन-अडीच मीटरची. वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास असावं. याहून जड काठी पाच मिनिटांत खाली झुकते आणि मूल ती जेट्टीवर टेकवून ठेवतं. दोरा थेट काठीच्या टोकाला बांधायचा, लांबी काठीपेक्षा वीतभर कमी. काठी उभी धरली की गळ आपोआप मुलाच्या हाताशी येतो, म्हणून ही लांबी. दोरा काठीहून लांब ठेवला की गळ हातात यायचा सोडून मागच्याच्या शर्टात अडकतो.

दोरा तंगूसचा, म्हणजे नायलॉनचा, ०.१८ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण दोन किलोचा ताण सोसणारा. मुलांसाठी दणकट हवा म्हणून ०.३५चा घेऊ नका. जाड दोऱ्याला गुंडाळीचा पीळ राहतो, लहानसं आमिष त्यावर ताठ लटकतं आणि मासे त्याला तोंड लावत नाहीत. गळ १२ किंवा १४ नंबरचा घ्या. या मापांत आकडा वाढला की गळ लहान होतो, हे विकत घेताना लक्षात असू द्या. ४ किंवा ६ नंबरचा गळ बोटभर माशाच्या तोंडात मावतच नाही. तो आमिष कुरतडून जातो आणि तुम्हाला वाटतं, इथे मासेच नाहीत. असे सहा-सात गळ जवळ ठेवा. घरीच पक्कडीने प्रत्येक गळाच्या टोकामागचा उलटा दात चेपून सपाट करा. काही मासे यामुळे सुटतील, सुटू द्या. चेपलेला गळ माशाच्या तोंडातून चुटकीसरशी निघतो, आणि मुलाच्या बोटात गेला तर तिथूनही.

गळ बांधताना दोरा गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फासातून काढून नव्या झालेल्या मोठ्या फासातून परत घ्या, ओला करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमजोर होतो. मासा जवळ आल्यावर गाठ सुटण्याचं हेच नेहमीचं कारण.

आता फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारा तरंगक. बहुतेकांचं गणित इथे बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लाल-पांढरा गोल चेंडू दिसायला छान, पण लहान माशाला तो पाण्याखाली ओढताच येत नाही. आमिष तोंडात घेतल्याबरोबर त्याला ओढ जाणवते आणि तो ते थुंकतो. पेन्सिलीसारखा बारीक, उभा राहणारा, अर्धा ते एक ग्रॅम वजन पेलणारा फ्लोट घ्या. किती ग्रॅम पेलतो ते बहुधा त्याच्यावरच लिहिलेलं असतं. तो दोऱ्यावर रबरी नळीच्या दोन छोट्या तुकड्यांनी बसवला की गाठ न सोडता वर-खाली सरकवता येतो.

आदल्या संध्याकाळी बादलीभर पाण्यात फ्लोट तोलून घ्या. वजनासाठीचे, चीर असलेले बारीक मणी एकेक करून दोऱ्यावर दाबत जा. फ्लोटचं रंगीत टोक पाण्याबाहेर फक्त एक सेंटिमीटर उरलं की थांबा. तीन-चार सेंटिमीटर बाहेर असेल तर माशाने केलेला स्पर्श दिसणारच नाही. बहुतेक मणी गळापासून तीस-चाळीस सेंटिमीटर वर एकत्र ठेवा आणि एक सर्वांत लहान मणी गळापासून बारा-पंधरा सेंटिमीटरवर. हे मणी शिशाचे असतील तर मुलांच्या हाती देऊ नका आणि स्वतःही दातांनी दाबू नका, शिसं विषारी आहे. टिनचे किंवा टंगस्टनचे मिळाले तर तेच घ्या.

याच संध्याकाळी दुसरं काम मुलांसोबत करा. गळ न लावता दोऱ्याच्या टोकाला लहानसा नट बांधा आणि अंगणात किंवा गच्चीत टाकण्याचा सराव घ्या. काठी एका हातात, टोक समोर आणि किंचित खाली. दुसऱ्या हाताने नट आपल्याकडे ओढून धरायचा, दोरा ताणला गेला की काठीचं टोक थोडं वर उचलायचं आणि नट सोडायचा. तो झोक्यासारखा पुढे जाऊन पडतो. डोक्यावरून मागे नेऊन फेकणं मुळात शिकवूच नका, गळ लागण्याचे अपघात त्यातच जास्त होतात. प्रत्यक्ष पाण्यावर दोरा गळापाशी न धरता, वरच्या मण्यापाशी धरायला सांगा.

मग हिसक्याचा सराव. तुम्ही दोऱ्याचं टोक हातात धरून अधूनमधून खाली ओढा. मुलीने काठीचं टोक फक्त मनगटाने, हातभर वर उचलायचं आणि तिथेच थांबवायचं. मुलं हमखास जिवाच्या आकांताने काठी खांद्यावरून मागे नेतात. त्याने मासा सुटतो, नाहीतर डोक्यावरून उडून मागच्या फळ्यांवर आपटतो. ‘टोक कपाळापर्यंत, बास’ एवढी एकच सूचना द्या आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत.

गांडुळाची भीती घालवायला ही वेळ नाही. मुलासाठी कणीक न्या. अर्धी वाटी पिठात चमच्याचमच्याने पाणी घालून नेहमीपेक्षा थोडी घट्ट मळा आणि कापसाचे अगदी थोडे तंतू पिंजून त्यात मळून घ्या. कापसामुळे गोळी गळाला धरून राहते. कणीक सैल झाली तर टाकतानाच उडून पडते, फार घट्ट झाली तर गळाचं टोक तिच्यातून बाहेरच येत नाही आणि मासा गळाला न लागता गोळी खाऊन जातो. गोळी मुगाच्या दाण्याएवढी, गळाचं टोक किंचित दिसत राहील अशी. ओल्या फडक्यात गुंडाळून नेली तर तासभर सुकत नाही.

कणीक चालते, पण गांडूळ तिच्यापेक्षा जास्त प्रकारच्या माशांना आवडतं, तेव्हा मुलीसाठी थोडी गांडुळंही डब्यात ओल्या मातीत घालून सावलीत ठेवा. अख्खं गांडूळ कधीच लावू नका. मासा लोंबणारी शेपटी धरून ओढतो, फ्लोट नाचतो, मूल काठी उचलतं आणि हाती रिकामा गळ येतो. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा तुकडा पुरे. कधी खाऱ्या पाण्याच्या जेट्टीवर गेलात तर हेच सामान चालेल, फक्त गळ ८ किंवा १० नंबरचा घ्या आणि आमिष म्हणून सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. तिथे भरतीचे शेवटचे दोन तास आणि नंतरचा अर्धा-एक तास साधा.

तलावावर सकाळी ऊन चढायच्या आत किंवा सूर्यास्ताआधीच्या दोन तासांत जा. दुपारी तळपत्या उन्हात मासे खोल सरकतात आणि मुलंही चिडचिडी होतात. जागा निवडताना जेट्टीची सावली, खांब, पाणवनस्पतींची कड, पाणी आत येण्याची वाट असं काहीतरी बघा. जेट्टीची फळी पाण्यापासून मीटरभरापेक्षा उंच नको, नाहीतर आखूड दोरा पाण्यात पुरेसा पोचत नाही आणि मासा वर घेताना लोंबकळतो. वारा पाठीमागून येईल अशी बाजू बघा, समोरचा वारा हलका फ्लोट परत पायाशी आणून टाकतो. तिथे मासे धरायला परवानगी लागते का, काही मोसम बंद असतो का, हे आधी विचारून घ्या.

पोचल्याबरोबर काठ्या काढू नका. कणकेच्या वाटाण्याएवढ्या सात-आठ गोळ्या फ्लोट जिथे पडणार तिथेच टाका, मग सावकाश सामान जोडा. त्या दहा मिनिटांत लहान मासे जमतात. पुढे दर चार-पाच मिनिटांनी दोन-तीन गोळ्या. हे काम मुलाला द्या. नाहीतरी त्याला पाण्यात काहीतरी फेकायचंच आहे! फक्त मूठभर एकदम टाकू देऊ नका. पोट भरलेले मासे गळाकडे वळत नाहीत.

खोली मोजणं बहुतेक जण गाळतात, तुम्ही गाळू नका. गळाला छोटा नट अडकवून सोडा. फ्लोट पूर्ण बुडाला, तर फ्लोट आणि गळ यांतलं अंतर पाण्याच्या खोलीपेक्षा कमी आहे, फ्लोट वर सरकवा. फ्लोट आडवा पडला, तर अंतर जास्त आहे, खाली सरकवा. टोक जेमतेम पाण्याच्या पातळीला आलं की तळ सापडला. आता नट काढा आणि फ्लोट दहा सेंटिमीटर खाली आणा, म्हणजे आमिष तळाच्या किंचित वर लटकेल. काठीच्या लांबीपेक्षा पाणी खोल निघालं तर तळाचा नाद सोडा, मध्यावर लावा. खांबापाशी मासे वरवरच फिरताना दिसत असतील, तर तळ विसरून पन्नास सेंटिमीटरवर लावा.

मासा लागतो तेव्हा फ्लोट तीन तऱ्हेने बोलतो आणि मुलीला हे आधी सांगून ठेवा. नुसता थरथरला, तर मासा टोकरतोय, हात लावायचा नाही. तिरका सरकायला लागला किंवा सरळ खाली गेला, तर लगेच टोक उचलायचं. बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडला, तर माशाने आमिष तळाजवळून उचललंय, तेव्हाही उचलायचं. नुसतीच थरथर होत राहिली आणि पुढे काही घडेना, तर आमिष अर्धं करा. तेवढ्यानेही भागलं नाही तर १४ नंबरचा गळ लावा. थरथरसुद्धा नसेल तर दहा-पंधरा मिनिटांनी आधी खोली बदला, मग आमिष, आणि जागा सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलं की सगळी सकाळ सामान उचलण्यात जाते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही मासा लावून काठी मुलीच्या हातात देऊ नका. सात वर्षांच्या मुलीला स्पष्ट कळतं की मासा बाबांनी पकडला. फ्लोट बुडाला आणि मी उचललं, यातलं उचलणं तिचंच हवं, त्यापायी चार मासे सुटले तरी. गाठ, आमिष, गुंता सोडवणं ही सगळी कामं तुमची. चार वर्षांच्या मुलाचं वेगळं. त्याच्या मागे गुडघ्यावर बसा, काठीवर त्याचे हात वर आणि तुमचे खाली, आणि फ्लोट गेला की ‘आता!’ म्हणून त्याला उचलू द्या, तुम्ही फक्त हिसका आवरा. हे चालतं, कारण हात त्याचेही असतात.

मासा लागला की दोरा सैल पडू द्यायचा नाही, एवढंच. तळहाताएवढा मासा काठी उभी करून सरळ हातात झुलवता येतो. त्याहून मोठा असेल तर लांब दांड्याची जाळी आधी पाण्यात बुडवून धरा आणि मुलीला मासा जाळीवर आणू द्या. जाळी घेऊन माशाच्या मागे धावलात की तो बुजतो, उसळतो आणि दोरा तुटतो.

हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि तो थर त्याचं संरक्षण असतो. पाठीवर काटे असतील तर हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, काटे मिटतात. मिशा असलेल्या माशांना पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक टणक काटा असतो, ते मुलांच्या हातात द्यायचे नाहीत. गळ पक्कडीत धरून पाण्यावरच उलटा हलवलात तर मासा हात न लावता सुटतो. समुद्रातला अनोळखी मासा असाच सोडावा, काहींचे काटे विषारी असतात.

मासा सोडून द्यायचा असेल तर एक पारदर्शक डबा आधीच त्याच पाण्याने भरून ठेवा. हातात धरून फोटो काढण्यापेक्षा त्यात सोडलेला मासा मुलांना नीट बघता येतो, कल्ले कसे हलतात तेही दिसतं. दोन मिनिटं पुरेत, उन्हात डब्यातलं पाणी पटकन तापतं. ज्यांना हातात धरायचाच आहे त्यांच्यासाठी नियम असा, की मासा पाण्याबाहेर असेपर्यंत आपणही श्वास रोखायचा. आपल्याला नकोसं झालं की मासा पाण्यात. जेट्टीवरून फेकू नका. जाळीतून किंवा डब्यातून पाण्यापर्यंत नेऊन सोडा. गळ खोल घशात गेला असेल तर उपसत बसू नका, दोरा तोंडाशी कापून सोडून द्या. ओढून काढलेल्या गळापेक्षा आत राहिलेल्या गळासकट मासा वाचण्याची शक्यता जास्त असते. मासा घरी न्यायचा असेल, तर हे मुलांना निघण्याआधी सांगा, मासा हातात आल्यावर नाही.

सुरक्षेबाबत थोडंच, पण यात सूट नाही. जेट्टीवर पाय ठेवण्याआधी दोन्ही मुलांच्या अंगात मापाचं लाइफ जॅकेट, धाकट्याच्या जॅकेटला पायांमधून येणारा पट्टा हवाच, त्याशिवाय ते पाण्यात डोक्यावरून निघतं. दंडावर फुगवायच्या पिशव्या जॅकेटची जागा घेत नाहीत. पायात बंद, न घसरणारे बूट, डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल, डोक्यावर टोपी. तुम्ही एकटेच असाल तर एका वेळी एकच काठी पाण्यात, तुमची स्वतःची तर नाहीच. वर विजेच्या तारा असतील तिथे काठी उघडू नका, कार्बनच्या काठीतून वीज वाहते. ढग गडगडले की सामान गुंडाळा. गळ कुणाच्या अंगात रुतलाच, तर दात चेपलेला असल्याने तो आला त्याच वाटेने सावकाश मागे घेता येतो. जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताची लस चालू आहे ना ते बघा. दात न चेपलेला गळ खोल गेला असेल, किंवा डोळ्याच्या आसपास काहीही लागलं असेल, तर ओढू नका. दोरा कापा आणि डॉक्टर गाठा.

वेळ आधीच ठरवा, पाऊण तास, फार तर एक तास. मासे लागत असले तरी मुलगा दमलेला दिसला की आवरा. ‘अजून एक’ मुलीला म्हणू दे, तुम्ही म्हणू नका. कापलेले दोऱ्याचे तुकडे एका झाकणाच्या बाटलीत भरून परत आणा. तंगूस पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो. निघताना हात धुवायला साबण जवळ असू द्या, कणीक मळणाऱ्या धाकट्याचे आधी.